चिठ्ठी चिकटवायच्या आधी: रोजच्या वस्तू माणसाच्या डोक्याला धरून कशा बनवायच्या

तुमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, डॉक्टरकडे, दुकानात जिथे जिथे सेलोटेपने कागद चिकटवलाय ना, "कृपया दरवाजा ओढा", "हे बटण दाबू नये", "गिझर बंद केला का?", "लिफ्टचा दरवाजा नीट लावावा, आदेशावरून", त्या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा. डिझाइन शिकायला याच्याइतका स्वस्त क्लास मुंबईत मिळणार नाही. प्रत्येक कागदामागे एक वस्तू असते जी बनवणाऱ्याने स्वतःच्या हिशेबाने बनवली, वापरणाऱ्याचं डोकं वेगळं चाललं, आणि मग सेक्रेटरी काकांनी वैतागून प्रिंटआउट काढली. कागद लावूनही फरक पडत नाहीच, म्हणून काही दिवसांनी त्याच्याखाली लाल पेनाने "दंड ५०० रु." येतं.

तुम्ही छोटं प्रॉडक्ट काढताय, ॲप बनवताय, दुकानाचा काउंटर लावताय, सोसायटीचा फॉर्म टाइप करताय किंवा घराचं रिनोव्हेशन काढलंय, सगळ्यांना हे लागू पडतं. पवईला आयआयटीच्या आवारात आयडीसी म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर आहे १९६९ पासून, तिथे हे रीतसर शिकवतात, पण कामापुरतं आपण घरबसल्या शिकू शकतो, फक्त एक सवय सोडावी लागते, ती म्हणजे "लोकांना अक्कल नाही" म्हणायची.

आधी चूक कुठल्या प्रकारची ते बघा

डॉन नॉर्मन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, पुढे काही काळ ॲपलमध्येही होते. रोजच्या वस्तूंवर १९८८ मध्ये त्यांनी जे लिहिलं त्यात एक फरक केलाय तो मी सतत वापरते. एक चूक असते हाताची. काय करायचं ते माणसाला पक्कं माहीत आहे पण हात भलतीकडे गेला, पंखा बंद करायचा होता आणि ट्यूबलाइट गेली. दुसरी चूक समजुतीची, हात अगदी बरोबर चालतोय पण डोक्यातलं चित्रच चुकीचं आहे. उन्हातून आलं की एसी १६ वर टाकायचा म्हणजे लवकर थंड होईल, हे त्यातलंच. साध्या नॉन-इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर एकतर चालू असतो नाहीतर बंद, २४ पर्यंत यायला तो तेवढाच वेळ घेणार, तुम्ही १६ लावा की २२.

मी त्यात आणखी दोन खाने धरते. तिसरा विसरण्याचा, आणि चौथा म्हणजे माहीत असतं, समजलेलं असतं, आठवणही असते, पण त्या क्षणी जाणवत नाही. हा चौथा सगळ्यात अवघड, त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

आता काढलेल्या फोटोंवर बसा आणि प्रत्येक चिठ्ठी या चारपैकी कुठल्या खान्यात जाते ते ठरवा. हे केल्याशिवाय उपायाकडे जाऊच नका, कारण चारही ठिकाणी आपण एकच औषध देतो, सूचना लिहितो, आणि सूचना फार तर समजुतीच्या चुकीला थोडीफार लागू पडते. हात घसरणाऱ्याला "काळजीपूर्वक दाबा" सांगून काय होणार, त्याला माहीत असतंच की कुठे दाबायचंय.

हाताची चूक: बोर्ड, शेगडी, काचेचं दार

हॉलमधला तो बोर्ड डोळ्यांसमोर आणा. आठ स्विच, दोन सॉकेट, एक रेग्युलेटर. वर्षानुवर्षं त्याच घरात राहणारा माणूससुद्धा पंखा लावताना आधी बाल्कनीचा दिवा लावतो, पाहुण्यांचं तर विचारूच नका, ते एका बाजूने सगळे दाबत सुटतात. स्विच एका ओळीत आणि दिवे-पंखे खोलीभर पसरलेले, त्यामुळे कुठला कुणाचा हे नुसतं बघून कळायला मार्गच नाही, पाठ करावं लागतं. नॉर्मन याला मॅपिंग म्हणतात, बटणांची मांडणी आणि वस्तूंची मांडणी एकमेकांशी जुळली की पाठांतर लागत नाही.

घराचं काम चालू असेल तर वायरमन पॉइंट काढतो त्या दिवशी घरी थांबा. जिथे बोर्ड येणार तिथे भिंतीकडे तोंड करून उभं राहा, खोलीत डावीकडे जे आहे त्याचा स्विच डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे, पंख्याचा स्विच रेग्युलेटरला चिकटून, आणि बाल्कनीचा किंवा पॅसेजचा स्विच या बोर्डवर नकोच, तो त्या त्या दाराशी. हे सगळं मास्किंग टेपवर लिहून भिंतीवर लावा, तोंडी सांगितलेलं वायरमन विसरतो आणि त्याला सोयीची वायर आधी जोडतो, त्यात त्याचीही चूक नाही कारण त्याचं काम बोर्डच्या मागून दिसतं आणि तुमचं पुढून. घर जुनं असेल तर भिंत फोडायची गरज नसते, वायरमनला बोलावून मेन बंद करून प्लेट उघडायला सांगा, त्याच बोर्डमध्ये वायरी अदलाबदल होतात. तेही नको असेल तर पंख्याच्या स्विचवर नेलपॉलिशचा एक जाड ठिपका, अंधारातही बोटाला लागतो.

चार बर्नरच्या शेगडीचं हेच दुखणं. बर्नर चौकोनात, नॉब एका रांगेत. कंपनी नॉबशेजारी चार ठिपक्यांचं चित्र छापते, ते दोन महिन्यांत तेलाने नाहीतर स्क्रबरने पुसलं जातं. दुकानात शेगडी घेताना ते चित्र बोटाने झाका आणि सोबत आलेल्या माणसाला विचारा, मागचा डावा कुठला? अडखळला तर दुसरं मॉडेल बघा. दाबून फिरवायचा नॉब मात्र छान गोष्ट आहे, नुसता पदर किंवा पिशवी लागून गॅस चालू होत नाही.

काचेचं दार तर जगभर प्रसिद्ध आहे, इंग्रजीत अशा दाराला चक्क नॉर्मनचं नाव पडलंय. दोन्ही बाजूंना सारखंच उभं हँडल. हँडल दिसलं की हात ओढणार, त्यावर "ढकला" लिहिलं तरी ओढणार, कारण हात वाचायच्या आधी पोचतो. मेडिकलवाल्याने, क्लासवाल्याने करायचं एवढंच, ढकलायच्या बाजूचं हँडल काढून तिथे सपाट पट्टी लावायची. सपाट पट्टीला माणूस ओढूच शकत नाही. फॅब्रिकेटर अर्ध्या तासात करून देतो आणि स्टिकर कायमचा जातो.

स्क्रीनवरही हेच, त्याचा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या कामात सापडतो: लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका हात पोचायला वेळ जास्त, आणि घाई केली की नेम चुकतो. आता यात मुंबई घाला. संध्याकाळची दादरवरून सुटलेली लोकल, एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन, म्हणजे सगळा कारभार एका अंगठ्यावर. वरच्या कोपऱ्यातलं इवलंसं बॅक बटण तिथे कामाचं नाही, महत्त्वाचं बटण खाली आणि रुंद पाहिजे, आणि "पैसे पाठवा"च्या अगदी शेजारी "रद्द करा" ठेवू नका. ॲप बनवणाऱ्यांनो, तुमचं टेस्टिंग बीकेसीच्या एसी मीटिंग रूममध्ये करू नका, ठाणे-भायखळा जाऊन या, सेकंड क्लासने.

विसरण्यावर इलाज सूचना नाही, क्रम आहे

झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्ड मशीनमध्ये राहून जातं, सगळ्यांचं जातं, दुकानदाराकडे अशा कार्डांचा गठ्ठा असतो. का राहतं? तुम्ही आलेला असता कॉपी घ्यायला. कॉपी हातात आली की डोक्याने काम संपलं असा शिक्का मारला, आता पुढचं जे उरलंय ते मुख्य कामानंतरचं शेपूट आणि शेपूट विसरायलाच असतं. मानसशास्त्रात यावर बायर्न आणि बोवेर यांचं १९९७ चं काम आहे, मुख्य हेतू साधल्यावर उरलेली पायरी गळते असा त्याचा सारांश. पैसे आधी आणि कार्ड नंतर देणाऱ्या एटीएममध्ये लोक कार्ड विसरून जायचे ते याच कारणाने, म्हणून कार्ड आधी परत आणि मग पैसे असा क्रम आला. पैसे सहसा कुणी विसरत नाही.

तर तुमच्या कामात असं शेपूट कुठे आहे ते शोधा आणि त्याला मुख्य गोष्टीच्या आधी आणा. झेरॉक्सवाल्याने मूळ कागद हातात देऊन मग कॉपी द्यावी. हॉल भाड्याने देत असाल तर चावी परत आल्यावरच डिपॉझिट, हे तर आपण करतोच. ऑनलाइन फॉर्ममध्ये "सबमिट झालं" दाखवून त्याच्याखाली "आता पावती डाउनलोड करा" लिहिलं तर निम्मे लोक पावती न घेताच जाणार, मग फोन तुम्हाला येणार.

दुसरा उपाय म्हणजे चूक करताच येणार नाही अशी अडचण मुद्दाम ठेवायची. टोयोटामध्ये जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात याची पद्धतच बसवली, पोका-योके म्हणून, म्हणजे चूक होऊच न देणं. आपल्या घरातला याचा सगळ्यात सुंदर नमुना हॉकिन्सचा कुकर. झाकण आतून बसतं, तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढायचं, आत वाफ धरली की तीच वाफ झाकणाला काठावर दाबून धरते, प्रेशर उतरेपर्यंत कितीही जोर लावा, उघडत नाही. कुठे लिहिलेलं नाही, कुणाला समजावलेलं नाही. सत्तरीची आजी आणि पहिल्यांदा भात लावणारा नातू, दोघांनाही एकच न्याय.

याच तत्त्वावर जुन्या बिल्डिंगमधली जाळीची लिफ्ट चालते, दोन्ही जाळ्या बंद झाल्याशिवाय हलत नाही, आणि तरी ती प्रत्येक सोसायटीत भांडणं लावते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. कुकरमध्ये जो घाई करतो तोच अडतो. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचा जाळी उघडी टाकून घरात जातो, त्याचं काहीच बिघडत नाही, आणि तळमजल्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन उभी असलेली बाई वर तोंड करून "अहो लिफ्टचा दरवाजा लावा" ओरडते. सुरक्षा झाली, पण शिक्षा भलत्याला. अशा ठिकाणी "दरवाजा बंद करा" बोलणारी बाई लिफ्टच्या आत बसवतात, ती बोलते तेव्हा माणूस कुलूप उघडून आत गेलेला असतो. आवाज लगेच आणि त्या मजल्याच्या पॅसेजमध्ये व्हायला हवा, जाळी टाकून दोन पावलं जाण्याच्या आत, किंवा मग पैसे जमवून ऑटोमॅटिक दरवाजा. तुम्ही कुठलीही अशी अडचण ठेवताना आधी बघा, अडकतो कोण.

आकडे, नावं आणि डोक्यातली जागा

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा "सात अधिक-उणे दोन", म्हणजे डोक्यात एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात हा आकडा, बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो आणि मेनूमध्ये सातच गोष्टी ठेवा असा त्याचा भलता अर्थ लावतात. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो लक्षात ठेवायचा नसतोच. मिलरचा मुद्दा क्षणभर धरून ठेवायच्या गोष्टींचा होता, आणि पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा साधारण चारवर आणला. कामाची गोष्ट त्यातली एवढी की माणूस तुकडे करून धरतो. आधारचे बारा आकडे चार-चार-चार छापलेत म्हणून वाचून दाखवता येतात, आपण मोबाइल नंबरही पाच-पाच असाच सांगतो. मग बँकेच्या पासबुकात खातं नंबर सलग का, सोसायटीच्या बिलावर सलग का, कुणी विचारलेलं नसतं. तुम्ही छापाल तेव्हा तुकडे करा, आणि फॉर्ममध्ये कुणी मध्ये स्पेस देऊन टाइप केलं तर ते मुकाट घ्या, "अवैध क्रमांक" असं लाल अक्षरात खेकसू नका.

आयएफएससी कोड हे अजून मजेशीर. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, मग सहा शाखेची. लोक शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप करतात आणि फॉर्म नाकारतो. आता पाचव्या जागी शून्यच असणार हे कॉम्प्युटरला माहीत आहे, मग त्याने गुपचूप बदलून घ्यायला काय हरकत? जे मशीनला कळू शकतं ते माणसाकडून लक्षात ठेवून घ्यायचं नाही.

मशीनने उत्तर द्यायला पाहिजे

माणसाने काही केलं की लगेच काहीतरी घडलेलं दिसायला, ऐकायला किंवा बोटाला लागायला हवं. कॉम्प्युटरच्या बाबतीत जुना हिशेब आहे आणि तो अजून टिकलाय: सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आलं तर आपण केलं आणि झालं असं वाटतं, एका सेकंदापर्यंत तंद्री मोडत नाही, दहा सेकंदांपुढे माणूस दुसरीकडे बघायला लागतो. दहा सेकंद गप्प बसलेलं "पे करा" बटण लोक दुसऱ्यांदा दाबतात, आणि मग पैसे दोनदा गेले म्हणून भांडण. म्हणून दाबल्याबरोबर बटणाचा रंग उतरवा, ते बंद करा आणि "थांबा, बँकेकडून उत्तर येतंय" असं साध्या भाषेत लिहा.

वडापावच्या गाडीवरचा साउंडबॉक्स, म्हणजे यूपीआयने पैसे आले की बोलून सांगणारा डबा, हे याचं इतकं चांगलं उदाहरण आहे की त्यापुढे बाकीचं फिकं. गाडीवाल्याचे दोन्ही हात पिठात, समोर आठ गिऱ्हाइकं, डोळे कढईकडे. त्याला फोन उघडून मेसेज बघायला लावणं म्हणजे धंदा थांबवणं, आणि गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट खरा की खोटा त्याला कळणार कसं. मोकळे होते फक्त कान. "तीस रुपये प्राप्त झाले". शिवाय रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं म्हणून खोटं बोलायची सोयच राहत नाही. तेव्हा फीडबॅक ठरवताना रंग, ॲनिमेशन वगैरे नंतर, आधी हे बघा की त्या माणसाचं त्या क्षणी काय मोकळं आहे.

वाट बघण्याचंही इथेच सांगते. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांबद्दल मांडलं होतं की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि किती थांबायचं ते माहीत नसलं की अजून लांब. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरने गाडी लवकर येत नाही, पण जीव शांत होतो. क्लिनिकमध्ये टोकन देता ना, मग आत कितवा नंबर चाललाय ते बाहेर दिसू द्या, कंपाउंडरला दर दोन मिनिटांनी "अजून किती" हा प्रश्न येणं बंद होईल.

समजूत चुकीची असेल तर समजावत बसू नका

यूपीआयमधली कलेक्ट रिक्वेस्ट घ्या, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागणारा मेसेज, त्याने पिन टाकला की पैसे त्याच्या खात्यातून जातात. "तुमचा जुना सोफा घेतो, पैसे पाठवतोय, पिन टाका" असं सांगून लोकांना लुबाडायचे, कारण डोक्यातलं चित्र असं की पिन म्हणजे व्यवहार पक्का करणं, पैसे येणार असोत की जाणार. बँकांनी मेसेज पाठवले, जाहिराती केल्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही म्हणून सांगितलं. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोयच बंद करायला लावली. तुमच्याकडे एखादी गोष्ट वारंवार समजावूनही लोक उलटीच समजत असतील तर ती गोष्ट काढता येते का ते आधी बघा, नाही जमलं तर तिचं रूप बदला, ट्युटोरियल व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

माहीत असूनही जाणवत नाही: वडाळ्याची गोष्ट

रूळ ओलांडू नये हे मुंबईत कुणाला माहीत नाही? पाट्या आहेत, दंड आहे, अनाउन्समेंट चालूच असते. तरी लोक ओलांडतात आणि मरतात. २०१० च्या सुमारास मध्य रेल्वेवर, हार्बरच्या वडाळा स्टेशनजवळ, फायनलमाइल नावाच्या मुंबईतल्याच सल्लागार कंपनीने वेगळ्या बाजूने विचार केला. लोकांना माहिती कमी आहे असं धरलंच नाही, त्यांनी बघितलं की त्या क्षणी डोळे आणि कान काय सांगतात.

तर डोळे खोटं सांगतात. मोठी वस्तू आपल्याकडे येत असताना ती आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं, हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रेल्वे क्रॉसिंगच्या संदर्भात १९८५ मध्ये हे मांडलं होतं. म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत येताना दिसते आणि तिचा वेग डोळ्याला मोजता येतो. भोंगा बदलला. एक लांबलचक भोंगा मुंबईत कुणालाच ऐकू येत नाही, तो शहराच्या आवाजात मिसळलेला असतो, त्याऐवजी दोन तुटक भोंगे, मध्ये छोटी शांतता, त्या शांततेनेच कान टवकारतात. आणि तिसरं, समोरून गाडी येताना घाबरलेल्या माणसाचे एकापुढे एक फोटो लावले, चेहरा जवळून, कारण चेहऱ्यावरची भीती आपल्याला अक्षरांपेक्षा आधी कळते. तिथले मृत्यू कमी झाले आणि नंतर दुसऱ्या स्टेशनांजवळही हे करण्यात आलं.

खर्च काय तर पिवळा रंग, थोडे फोटो आणि मोटरमनला एक सूचना. फूटओव्हर ब्रिज पाहिजेच, त्याला पर्याय नाही, कुणी असं म्हणायला लागलं की रंग लावला आता ब्रिज कशाला तर त्याला वडाळ्याला उभं करा. पण पद्धत शिकण्यासारखी आहे. तुमची सूचना लोकांना माहीतच असेल तर ती अजून मोठ्या अक्षरात लिहू नका. धोक्याच्या जागी, धोक्याच्या क्षणी, शरीराला काय जाणवतं ते बदला. सोसायटीच्या गेटमध्ये गाड्या वेगात घुसतात? "हळू चालवा"च्या बोर्डपेक्षा आडव्या पट्ट्या एकमेकींच्या जवळजवळ येत जातील अशा रंगवून बघा, ड्रायव्हरला आपला वेग वाढतोय असं वाटतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो.

न निवडणाऱ्यासाठी काय ठेवलंय

बहुतेक लोक सेटिंगमध्ये जात नाहीत. जे आधीपासून लावलेलं असतं तेच राहतं, म्हणून डीफॉल्ट ठरवणारा खरा मालक. जॉन्सन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ मध्ये युरोपातल्या देशांचं अवयवदान बघितलं, जिथे "नको असेल तर सांगा" होतं तिथे जवळजवळ सगळे संमतीच्या यादीत, आणि "हवं असेल तर सांगा" होतं तिथे बरेच कमी. माणसं तीच, फॉर्म उलटा. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले एसी २४ अंशांवरच सुरू होतील असं ठरवलं, १६ वर न्यायला बंदी नाही, फक्त तुम्हाला स्वतः बटण दाबावं लागतं, आणि बरेच जण दाबत नाहीत. झोमॅटोने २०२१ मध्ये चमचे-टिश्यू मागितले तरच द्यायचे असं केलं ते याच जातीचं. तुमच्या फॉर्ममध्ये आधीपासून टिक केलेल्या चौकटी मोजा आणि प्रत्येकीला विचारा, ही कोणाच्या फायद्याची?

इथून पुढे घसरायला वेळ लागत नाही. बाटाच्या किमती आठवतात, ९९ रुपये ९५ पैसे वगैरे, डावीकडचा आकडा डोळ्यात आधी भरतो, ते आपण हसून सोडतो. बिस्किटाचा पुडा पाचच रुपयांचा राहतो आणि आतलं वजन उतरत जातं, कारण किमतीतला एक रुपया लगेच दिसतो आणि वजनातले चार ग्रॅम हाताला कळत नाहीत. त्यावर उतारा म्हणजे पाकिटावरची युनिट सेल प्राइस, म्हणजे ग्रॅमला किती ते बघणं. पण तिकीट बुक करताना इन्शुरन्स आपोआप कार्टमध्ये पडणं, शेवटच्या पानावर कन्व्हिनियन्स फी उगवणं, "नाही, मला बचत नकोय" असं लाजवणारं बटण, हे सरळ फसवणं आहे. हॅरी ब्रिगनल या डिझायनरने २०१० मध्ये याला डार्क पॅटर्न हे नाव दिलं आणि आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे तेरा प्रकार नावानिशी यादीत घातले. कस्टमर म्हणून अडकलात तर १९१५ वर तक्रार करता येते. बनवणारे असाल तर माझी साधी कसोटी, ही युक्ती कस्टमरला काउंटरवर तोंडावर सांगून चालेल का? एसी २४ वर का ठेवलाय ते सांगता येतं. इन्शुरन्स का टाकला ते सांगायला कुणी पुढे येत नाही.

मग बसवून बघा

एवढं करून जे बनेल ते पुठ्ठ्याचं बनवा, कागदावर पेनाने काढा, पैसे घालू नका, आणि पाच माणसांना वापरायला द्या. वस्तू वापरायला सोप्या आहेत का ते तपासणारे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचा २००० सालचा हिशेब आहे की पाच जणांतच बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात, पन्नास जणांची वाट बघण्यापेक्षा पाच-पाच करून मध्ये दुरुस्ती करत जाणं परवडतं. पाच जण मात्र तुमच्या ऑफिसातले नकोत. वॉचमन, शेजारच्या काकू, स्वयंपाकाच्या मावशी, कॉलेजचं पोरगं, आणि एक साठीच्या पुढचा माणूस चष्मा घरी विसरलेला.

"कसं वाटलं?" विचारू नका. आपली माणसं भिडस्त, समोरच्याचं मन मोडायचं नाही म्हणून "छान आहे हो" म्हणणार आणि तुम्ही खूश. काम द्या, "यावरून मला पन्नास रुपये पाठवा", "हा पंखा दोनवर करा", आणि मग तोंड बंद. हात पुढे करायचा नाही, "तिथे नाही, खाली बघा" म्हणायचं नाही, हे फार जड जातं, जिभेवर येतंच. फक्त अधूनमधून विचारायचं, आता काय होईल असं वाटतंय? त्यांच्या उत्तरात समजुतीची चूक पकडली जाते. हाताची चूक पकडायला चेहऱ्याकडे बघू नका, बोटाकडे बघा, ते कुठे आधी गेलं आणि मग कुठून मागे फिरलं. "अरे, माझंच चुकलं" असं कुणी म्हणालं की ते वहीत शब्दशः लिहा, त्याच्यापुढे त्या क्षणी बोट कुठे होतं ते लिहा, आणि दुरुस्ती तिथून सुरू करा.

एकदा दुपारी गॅलरीच्या उजेडात आणि एकदा रात्री ट्यूबलाइटखाली बघून घ्या, राखाडीवर पांढरी अक्षरं दुपारी गायब होतात. पावसाळ्यात ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालते का तेही बघा, जूनमध्ये लाँच करणार असाल तर आधी हेच बघा.